आखूड शिंगांची गाय

फार पूर्वी, माणसाच्या दारात अजून एकही गाय बांधलेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्याला युरोप म्हणतात त्या थंड मुलखात नदीकाठी एक शिकारी टोळी राहत असे. तिथल्या जंगलात प्रचंड रानबैल आणि रानगाई फिरत. टोळीची एक रीत होती. ज्याच्या झोपडीवर सर्वांत लांब शिंगं, त्याने बैठकीत आधी बोलायचं आणि शिकारीतला वाटाही आधी निवडायचा. हा मान एका धिप्पाड शिकाऱ्याकडे होता.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर टोळीने हाकारा करून एक कळप कुंपणात कोंडला. मांस वाळवून झालं, तरी दोन गाभण गाई उरल्या.

टोळीतला म्हातारा म्हणाला, "या जिवंतच ठेवा. जिवंत मांस सडत नाही. दोन घरांनी एकेक सांभाळा."

एक गाय उंच, लांब शिंगांची होती. माणूस दिसला की ती अंगावर धावून यायची. दुसरी बुटकी, आखूड शिंगांची. शिकाऱ्याने अर्थातच पहिली निवडली. दुसरी शेजारच्या विधवेकडे गेली.

"वहिनी, तुमच्या वाट्याला शेळीच आली की!" शिकारी हसला.

"शेळी तर शेळी, भाऊजी. माझ्यासमोर मान खाली घालून चरते. मला तेवढं पुरे."

शिकारी रोज आपल्या गाईला भाल्याने डिवचायचा. "बघा, कशी फुरफुरते!" लोक लांबूनच वाहवा करायचे. विधवा मात्र आपल्या गाईच्या कुंपणाला टेकून शिकारीची कातडी घासून साफ करत बसायची. हळूहळू गाय तिच्या पाठीशीच रवंथ करू लागली.

ऐन बर्फात शिकाऱ्याच्या गाईने कुंपण तोडलं, त्याचा गुडघा फोडला आणि ती जंगलात पळाली. शिकारी अंथरुणाला खिळला. पुढे वादळं सुरू झाली, इतरांनाही शिकार मिळेना. वाळवलेलं मांस संपत आलं. शिकाऱ्याची धाकटी मुलगी तर भुकेने रडायचीही थांबली.

बैठक बसली. विधवेची गाय मारायची, हे सगळ्यांच्याच मनात होतं. रीतीप्रमाणे सगळे शिकाऱ्याकडे पाहू लागले. त्याने तोंड उघडलं, मग समोर बसलेल्या विधवेकडे पाहिलं. त्या टोळीत कधी घडलं नव्हतं ते तेव्हा घडलं.

तो म्हणाला, "मी निवडलेली गाय पळाली. आधी वहिनींना बोलू द्या."

विधवा उभी राहिली. "आज मारली तर चार दिवस पोटं भरतील. मला पंधरा दिवस द्या. ती विणार आहे. वासराला पाजताना ती मला जवळ बसू देईल, असं वाटतं. तोवर माझ्या वाट्याचं सुकं मांस भाऊजींच्या मुलीला द्या."

"आणि नाही बसू दिलं तर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तर सुरी मीच आणेन."

शिकारी म्हणाला, "थांबू या." सगळे थांबले.

तेराव्या दिवशी गाय व्याली. विधवा तिच्याजवळ जाऊन बसली. गाईने एकदा वळून पाहिलं आणि ती वासराला चाटू लागली. वासराचं पोट भरल्यावर विधवेने उरलेलं दूध लाकडी वाडग्यात काढलं. पहिला वाडगा शिकाऱ्याच्या मुलीला मिळाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोठ्याने रडली, तेव्हा तिची आई हसली.

शिकारी लंगडत कुंपणापाशी आला. "वहिनी, हिला तुम्ही वश केलंत तरी कसं?"

"वश कुठे केलं? ती न घाबरता चरत होती, तेवढं पाहिलं. मग मीही तिला कधी घाबरवलं नाही. बसा ना, भाऊजी. भाला मात्र बाहेर ठेवा."

शिकारी बसला. गप्प बसणं त्याला फार अवघड गेलं. सूर्य डोक्यावरून कलला, तेव्हा कुठे वासरू दोन पावलं पुढे आलं.

तात्पर्य: धाकाने कुणालाही कोंडता येतं, पण आपलंसं करायचं असेल, तर आधी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो आणि मग आपला बदलावा लागतो.