निवळीत सोडलेली सरस्वती

शिळाप्रेसवर देवादिकांची चित्रं छापत, त्या काळची ही गोष्ट. सोनूबाई पिंग्यांच्या देवघरातलं सरस्वतीचं चित्र पिवळं पडलं आणि बोट लागताच त्याच्या कडा तुटू लागल्या. त्या ते बाइंडर इब्राहिमचाचांकडे घेऊन आल्या.

"फाटकं चित्र पूजेला चालत नाही, चाचा. नदीत सोडू का?"

"आधी माझ्या परातीत सोडू, बाई. इथून ते परत बाहेर निघतं."

परातीत चुन्याची निवळी होती. चित्र थरथरलं. "हे तर विसर्जनच! उन्हानं खाल्लं मला, आणि शिक्षाही मलाच?"

"ऊन नुसतं निमित्त," निवळी म्हणाली. "कागद बनवतानाच तुझ्यात तुरटी गेली. तिचा आंबटपणा तुला आतून खातोय. तो मी शमवीन. गेलेलं मात्र परत आणता येणार नाही."

"आणि तुझं काय होईल?"

"पाणी उडून जाईल. चुना तुझ्यात राहील. पुन्हा आंबटपणा आला, की आधी तो झिजेल, मग तू."

चित्र निवळीत उतरलं.

आज सोनूबाईंची पणती त्याच चित्राला फूल वाहते आणि हात जोडते. सरस्वतीचे हात वीणेत गुंतलेले आहेत. तरी त्या वेळी चित्र आतल्या आत चुन्याला नमस्कार करतं.