बिनकाचेची कडी

कॅमेऱ्यात रीळ भरायचे, तेव्हाची गोष्ट. हेमलताबाईंच्या पिशवीत दोन लेन्स बहिणींसारख्या राहत. थोरली रुंद तोंडाची, धाकटी अरुंद. पाण्यावरची चकाकी घालवणारा फिल्टर एकच होता, तोही थोरलीच्या मापाचा. कोपऱ्यात एक गोल, आट्यांची पितळी कडी असे. तिला काच नाही म्हणून थोरली तिला हसायची.

एकदा तळ्याच्या अगदी काठाशी मरळ मासोळी पिल्लं घेऊन आली. इतक्या जवळचं थोरलीला दिसेना. धाकटी पुढे झाली आणि रडकुंडीला आली. "मला पाण्यात नुसतं आभाळच दिसतंय गं!"

फिल्टर म्हणाला, "मी आलो असतो, बाळ. पण तुझ्या तोंडावर बसणार कसा?"

"मला मध्ये घ्या," कडी म्हणाली. "माझी एक बाजू धाकटीच्या मापाची आहे, दुसरी तुमच्या."

बाईंनी कडी लावली, तिच्यावर फिल्टर फिरवला. चकाकी विरली. खाली लालचुटुक पिल्लांचा घोळका, आणि राखण करणारी आई!

संध्याकाळी पिशवीत थोरलीने हळूच विचारलं, "अगं कडी, तुला काय दिसलं गं?"

"मला कुठलं दिसायला! पण धाकटीचा श्वास अडकला, तेव्हाच फिल्टरही थरथरला. ते मला दोन्हीकडून कळलं."