हंसराजाच्या पानावरचे डाग

फार जुन्या काळी एका विहिरीच्या कपारीत हंसराज नावाचा नेचा वाढत होता. काठावरची जाई एकदा त्याला म्हणाली, "मला फुलं येतात. तुझ्या पानांखाली मात्र खरूज झालीय!"

हंसराज शरमला. त्याने शेजारच्या गोगलगाईला विनवलं, "एवढे तपकिरी डाग खरवडून टाक गं." तेव्हापासून दर साली डाग दिसले, की गोगलगाय मन लावून एकूण एक पान स्वच्छ करी.

पुढे हंसराज म्हातारा झाला. त्याने विहिरीतल्या कासवाला विचारलं, "माझ्यामागे इथं कोण उगवेल?"

"पानांखाली तपकिरी डाग असतील ना? त्यांतूनच तुझी पोरं होतात, बाबा."

गोगलगाय रडू लागली.

"तू नको रडूस," हंसराज म्हणाला. "ते डाग मला कधी दुखलेसुद्धा नव्हते."