कधीच बंद न पडणारं इंजिन

"...ते सगळं खरं, उस्ताद. पण हे पुन्हा कधीच बंद पडणार नाही, याची खात्री कोण देणार?"

 इंजिनाच्या पेटीवर उशी टाकून, तिच्यावर मांडी घालून उस्ताद किनारा बघत बसले होते.

हाच प्रश्न दिगंबर मोंडकरने जेटीवर विचारला होता. बोट सुटताना पुन्हा विचारला. आता खाडी संपून समुद्र लागला तरी त्याचं चालूच होतं. स्वतः डिझेल मेकॅनिक, दोन बंदरांत नाव असलेला माणूस, आणि आज लहान मुलासारखा एकाच गोष्टीचा हट्ट धरून बसला होता.

युसूफ सारंग म्हणजे त्याचे उस्ताद. नोझल कसं उघडायचं इथपासून इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं कसं ओळखायचं इथपर्यंत सगळं त्याला त्यांनीच शिकवलं होतं. आता ते थकले होते. पण शिष्याचा निरोप गेला तेव्हा त्यांनी यायला एकच अट घातली. नलिनीही बोटीवर हवी.

नलिनी म्हणजे दिगंबरची बायको. गेल्या वर्षीपासून तिने या बोटीत पाय ठेवला नव्हता. उस्ताद स्वतः घरी गेले, ओटीवर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "बाय, मला एकट्याला याची बडबड सोसवायची नाही." म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती आली. पण आल्यापासून पुढच्या टोकाला, दोघांकडे पाठ करून बसली होती, आणि कठड्यावरचा हात काही काढत नव्हती.

दिगंबरला तो हात सारखा दिसत होता. त्या हाताचं मनगट गेल्या वर्षी मोडलं होतं.

खरं तर ही बोट त्याने तिच्यासाठीच घेतली होती. वर्कशॉप मुलाच्या ताब्यात द्यायचं आणि दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरायचं. मनात येईल त्या खाडीत शिरायचं, स्टोव्हवर भात टाकायचा, कुणाची घाई नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींखाली आडवा पडून काम केलेल्या माणसाचं एवढंच स्वप्न होतं. आज उस्तादांनी इंजिनाची हमी दिली नाही तर बोट विकून टाकायची, असं त्याने ठरवलं होतं. एकट्याने फिरायला त्याला बोट नको होती.

"सगळं नवीन घातलंय," तो पुन्हा सांगू लागला. पंप उतरवून तपासला, नोझल बदलली, फिल्टर एकाऐवजी दोन बसवले, डिझेलची टाकी आतून घासून काढली. बोलता बोलता त्याची छाती जरा फुगलीच. असं इंजिन या किनाऱ्यावर दुसरं दाखवा, असं तो म्हणाला नाही, पण म्हणण्याच्या बेतात होता.

उस्ताद ऐकत होते. मधेच त्यांनी जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनांची आठवण काढली. हँडल मारून चालू करायची ती इंजिनं. मेहेरबानी केल्यासारखी चालू व्हायची, आणि चालू झाली की अख्ख्या गावाला कळायचं. त्यांच्यावर कुणाचा भरवसा नसायचा, म्हणून लोक सावध असायचे, असं म्हणून ते हसले. दिगंबरला हसू आलं नाही. त्याचा एक कान इंजिनाकडे होता.

"गेल्या वर्षी नक्की काय झालं होतं?" उस्तादांनी विचारलं.

दिगंबरने सांगितलं. इथेच, समोरच्या या कालवं चिकटलेल्या खडकांच्या जरा अलीकडे, इंजिन धापा टाकून बंद पडलं. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. त्याने पेटी उघडली, डोकं आत घातलं, पाइप सैल करून हवा काढली, आणि इंजिन चालू करून दाखवलं. इतक्या झटपट की दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

"मग?"

"मग काय... तोवर बोट खडकावर गेली होती."

बोट आडवी झाली, नलिनी कठड्यावर आपटली. एका मच्छीमार होडीने ओढून काढेपर्यंत दोघं कमरेएवढ्या पाण्यात खडकाला धरून उभी होती.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही," दिगंबर म्हणाला.

पुढच्या टोकाला नलिनीची पाठ जराशी ताठ झाली. दिगंबरने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

उस्तादांनी मान डोलावली. "तुला खात्री पाहिजे..."

"हो."

पेटीच्या बाजूला इंजिन बंद करायची मूठ होती. ओढली की डिझेल तुटतं. उस्तादांनी शांतपणे हात लांबवला आणि ती ओढली.

इंजिन थांबलं.

एकाएकी सगळीकडे नुसतं पाणी ऐकू येऊ लागलं. वारा पश्चिमेचा होता, भरती लागली होती. बोट जरा वेळ आपल्याच वेगात पुढे गेली, मग आडवी झाली आणि हळूहळू खडकांकडे सरकू लागली.

दिगंबर गर्रकन वळला. "उस्ताद, हे काय?"

उस्ताद खडकांकडे बघत होते.

"मूठ सोडा."

त्यांनी ती तशीच ओढून धरली होती.

"मग उठा तरी. मला पेटी उघडू द्या."

"कशाला?"

"इंजिन बंद आहे."

"मला माहीत आहे. मीच केलं." आणि ते उशीवर जास्तच ऐसपैस बसले.

दिगंबरने पाना उचलला होता. त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं तो कधी हातात आला. पाना घेऊन तो पेटीपाशी उभा होता आणि पेटीवर त्याचा गुरू बसला होता. गुरूला उचलून बाजूला ठेवायचं, की काय करायचं? इंजिन बंद पडलं की त्याचे हात इंजिनाकडेच जायचे. दुसरीकडे जायचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

खडकांवरचं पाणी आता पांढरं दिसत होतं.

त्याने नलिनीकडे पाहिलं. ती मागे वळली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. तिचे ओठ हलले... आणि तिने ते पुन्हा मिटून घेतले.



दिगंबरला आठवलं. विसरला कधी होता? गेल्या वर्षी याच जागी तो पेटीत डोकं घालून बसला असताना ती मागून काहीतरी म्हणाली होती. एकदा म्हणाली, परत म्हणाली. आणि तो आतूनच ओरडला होता, "तू गप्प बस. तुला यातलं काय कळतं?"

ती तेव्हा गप्प बसली. आजही गप्पच होती. समोर खडक दिसत असताना.

ही बोटीत पाऊल का ठेवत नाही, याचं कारण तो वर्षभर डिझेलच्या पाइपात शोधत होता.

त्याने पाना खाली ठेवला.

"नलू," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "काय करू?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोटीवर, वर्कशॉपमध्ये, जिथे म्हणून इंजिन असेल तिथे हा प्रश्न त्याने तिला कधी विचारला नव्हता.

"नांगर टाका," ती म्हणाली.

तो धावला. नांगर तिच्या पायाशीच होता. दोघांनी मिळून तो कठड्यावरून सोडला. दोर सरसरत गेला आणि ढिला पडला. क्षणभर वाटलं, धरत नाही... मग दोर ताणला. बोटीला एक हिसका बसला, तिचं नाक सावकाश वाऱ्याकडे वळलं आणि ती जागच्या जागी डुलू लागली.

खडक होते तिथेच राहिले. जवळ होते, पण आता ते नुसते खडक होते.

दिगंबरचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच, तिच्या शेजारी, ओल्या फळीवर बसला. नलिनीने खोल श्वास घेतला आणि मग ती हसायला लागली. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तेव्हाही हेच सांगत होते मी," ती म्हणाली.

"ऐकलं होतं मी."

"ठाऊक आहे मला."

 त्याने तिचं मनगट हातात घेतलं, जपून. तिने ते घेऊ दिलं. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि ते गेल्यावरच त्याला कळलं की ते किती जड होतं.

 खडकांवर बगळे उतरले. नलिनीने डबा उघडला. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. तिने पहिला घास उस्तादांच्या हातावर ठेवला. भरतीचं पाणी बोटीखालून जात होतं, नांगर धरून होता आणि कुणालाच कसली घाई नव्हती. असंच फिरायचं म्हणून तर बोट घेतली होती, हे दिगंबरला आठवलं. बोट विकायचं मात्र आठवलं नाही.

खाऊन झाल्यावर उस्तादांनी मूठ आत ढकलली, पेटीवरच आडवे झाले आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

दिगंबर उठला. हात धुतले, चावीवर बोटं ठेवली आणि थांबला.

"उस्ताद," त्याने विचारलं, "करू का चालू?"

टोपीखालून आवाज आला, "मला कशाला विचारतोस?"