टपाल्याची नवी जागा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत.

फार वर्षांपूर्वी एका सर्व्हरच्या पोटात दोन कप्पे शेजारी राहत. जुनोबा गावातल्या गेलेल्या माणसांचे आवाज सांभाळी, तर टपाल्या रोजची पत्रं. टपाल्या गळ्यापर्यंत भरला होता. जुनोबाकडे मात्र निम्मी जागा मोकळी होती.

"काका, थोडी जागा द्या की," टपाल्या कळवळला. "पत्रं दारातून परत चाललीत."

"घे बाळा. पण माझे आवाज सगळीकडे पांगलेत. आधी ते अलीकडे गोळा करतो, मग भिंत सरकव. रीत तशीच आहे."

"रीत, रीत! तुमचं आवरेपर्यंत माझा जीव जाईल," म्हणत टपाल्याने भिंत सरकवली.

पलीकडून जुनोबा ओरडला, "अरे, ठकूआत्या तुझ्याकडे राहिली! तिच्या ओव्या!"

टपाल्याने पाहिलं. नव्या जागेत एक म्हातारा आवाज पडून होता, अजून जसाच्या तसा.

"तिच्यावर काही ठेवू नकोस रे," जुनोबा विनवू लागला. "तोवर भिंत मागे घेता येईल. एकदा काही ठेवलंस की ती पुसली गेली. तिचा दुसरा आवाज कुठेच नाही."

"बघतो, काका," टपाल्या म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण कितीतरी दिवसांनी त्याला पाय पसरता आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पत्र आलं, गाद्यांच्या सेलची जाहिरात. टपाल्याने ती घेतली आणि ठकूआत्याच्या आवाजावर नीट अंथरली.