सरकारांच्या मोटारीची किंचाळी

शके १८५९. मार्गशीर्ष संपत आला होता, थंडी कडाक्याची होती, आणि सोनकडे संस्थानात सगळ्यात जास्त कुरकुर करत होती ती सरकारांची मोटार. कुरकुर रयतेलाही करायची होती, पण तिला परवानगी नव्हती.

मोटार जुनी, विलायती. सरकार चालवायला बसले की रस्ताभर किंचाळायची. ड्रायव्हर रखमाजी बसला की गिअर बदलण्यापुरती चिरकायची आणि गप्प. यावरून सरकारांनी आपल्या तल्लख बुद्धीनं ताडलं, की रखमाजी तिच्यावर करणी करतो! त्याला मोटारखान्यात कोंडलं.

त्याची लेक धुरपदा भाकरी घेऊन आली.

"आबा, आवाज नेमका कधी येतो?"

"क्लच दाबला की येतो, पाय काढला की थांबतो. उलटं असतं, तर गिअरबॉक्सचं दुखणं म्हटलं असतं. हे क्लचच्या बेअरिंगचं आहे. नवं घातलं, तेही ओरडायला लागलं."

"का?"

रखमाजीनं दाराकडं बघत आवाज खाली आणला. "गिअर टाकून झाला तरी सरकार पाय काढत नाहीत. पाटावर ठेवावा तसा क्लचवर ठेवून बसतात. बेअरिंगला उसंतच नाही."

"मग सांगा की त्यांना!"

"घोड्यावर वाकडे बसता, असं एकानं सांगितलं होतं. तो आता घाटापलीकडं शेळ्या राखतो."

धुरपदा तडक राजवाड्यावर गेली.

"आवाज तू बंद करणार?" सरकार एवढे हसले, की दिवाणांनाही हसावं लागलं. "कर! पण एक नटसुद्धा ढिला करायचा नाही. आणि आमच्या चालवण्यात खोट काढलीस, तर बापलेक दोघंही संस्थानाबाहेर!"

"आणि आवाज थांबला तर, सरकार?"

"तर तुझ्या बापाला मागच्या गादीवर बसवून आम्ही स्वतः भर बाजारातून फिरवू!"

"दिवाणसाहेब, ऐकलंत ना?"

दिवाणांनी ऐकलं होतं. न ऐकल्यासारखं करायला उशीर झाला होता.

सकाळी सरकारांनी मोटारीचं दार उघडलं आणि उचललेला पाय तसाच हवेत राहिला. क्लचच्या पेडलवर हळदकुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं फूल! सरकार मोठे श्रद्धाळू. केरसुणीला पाय लागला तरी तिच्या पाया पडायचे. माणसाला लागला तर चालत असे.

"हे काय गं?"

"पूजा केली, सरकार. खंडेनवमीला तलवारीची करतात तशी. मोटार म्हणजे सरकारांचं शस्त्रच की! रस्त्यावरच्या कोंबड्यांना विचारा."

"अगं, आता पाय कुठं ठेवू?"

"गिअर टाकायला खुशाल ठेवा. कामासाठी पाय लागला तर देव रागावत नाही. लगेच काढायचा आणि नमस्कार करायचा."

दिवाण मागं बसले, मोटार निघाली. गिअर टाकला की सरकार विंचू चावल्यासारखा पाय उचलत आणि हात छातीला लावत. प्रत्येक गिअरला एक नमस्कार! पण किंचाळी? गिअरपुरती चिरक, की संपली. दिवाणांना मोटारीत प्रथमच स्वतःच्या मनातले विचार ऐकू आले. ते फार नव्हते.

फेरी मारून सरकार राजवाड्यासमोर उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. चेहरा लाल झाला होता.

"पोरी! म्हणजे आवाज आमच्या पायामुळं येत होता? आमच्या चालवण्यात खोट काढलीस!"

दिवाणांनी डोळे मिटून घेतले.

"छे, सरकार!" धुरपदा म्हणाली. "चालवताना सरकारांचा पाय अगदी बिनचूक पडतो. खोट होती ती विसावा घेताना. विसाव्याबद्दल हुकूम नव्हता."

सरकारांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, तेव्हा त्यातून हसूच बाहेर पडलं. असं खदखदून, की पागेतले घोडे बिथरले. दिवाणांनी खात्री करून घेतली आणि मग तेही हसले.

धुरपदेला जरीचं लुगडं मिळालं. मोटारखान्याचं कुलूप निघालं.

मंगळवारी बाजार भरला. सरकार पुढं बसले, रखमाजीला मागच्या गादीवर बसवलं, आणि भर बाजारातून फिरवून आणलं.