चार घरची बाटली

"या बाटलीत चार घरची दारू मिसळलेली आहे. उद्या दरबारात ती चार पेल्यांत वेगळी करून ठेव. नाही जमलं, तर गाढवावर उलटा बसवून तुला वेशीबाहेर काढीन."

निंबगडच्या रणधीरराव सरकारांनी हुकूम सोडला आणि बाटली तात्याबा आबदाराच्या हातात दिली. राजवाड्यातल्या सरबतापासून दारूपर्यंत सगळ्या पेयांची व्यवस्था त्याच्याकडे. त्याची हयात त्यातच गेली होती.

गुन्हा काय? सरकारांकडे विलायतेहून मागवलेल्या महागड्या स्कॉचचं एक कपाट होतं. प्रत्येक बाटली एकाच घरची, म्हणजे एकाच भट्टीची. कपाट पिण्यासाठी नव्हतं, दाखवण्यासाठी होतं. किल्ली सरकारांच्या कनवटीला. पाहुणे आले की सरकार कपाटासमोर उभे राहून भट्टीचं नाव, झऱ्याचं पाणी, पिंपाचं लाकूड असं सगळं स्तोत्रासारखं म्हणत आणि मग तात्याबाच्या कानात कुजबुजत, "यांना स्वस्तातलं काहीतरी दे." तात्याबा गोऱ्यांच्या छावणीतल्या दुकानातून चार भट्ट्यांची माल्ट दारू एकत्र केलेली, खिशाला परवडणारी स्कॉच आणी. त्यात आल्याचा रस, लिंबू, मध आणि सोडा घालून पाजी. पाहुणे खूश आणि सरकारांचं कपाट शाबूत.

परवा मात्र घोटाळा झाला. सरकारांनी स्वतःपुरती कपाटातली एक बाटली उघडली होती, पण चुकून पाहुण्यांच्या तबकातलाच पेला उचलला. एक झाला, दुसरा झाला. मिशीवर ताव देत ते शेजारच्या संस्थानिकांना म्हणाले, "एका घरची चीज ती एका घरची! भेसळीच्या दारूला ही चव जन्मात यायची नाही." दिवाण केसोपंतांना नको तिथे नाक खुपसायची खोडच होती. त्यांनी रिकामी बाटली आणून सगळ्यांसमोर धरली. पाहुणे पोट धरधरून हसले. मोठ्याचं नाक कापलं की गळा गरिबाचा जातो, ही तर जगाची रीतच आहे.

तात्याबा घरी येऊन भिंतीला टेकला. त्याची मुलगी गोजरा ज्वारी पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बा, मिसळलेली दारू येगळी होती का कधी?"

"ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं नाही ते."

"पन ती चारी घरं दारू करत्यात कशाची?"

"मोड आणलेल्या जवाची. दुसरं धान्य नाही त्यात. घरं तेवढी निराळी."

गोजराच्या हातातलं सूप थांबलं. "मंग तू निवांत नीज. उद्या दरबारात मी येते."

दुसऱ्या दिवशी दरबारात चार रिकामे पेले मांडून ठेवले होते. बाप मागे उभा आणि पुढे गोजरा, हातात झाकलेली टोपली. केसोपंत हसले. "आटप, पोरी. गाढव ताटकळलंय."

"ताटकळू द्या, दिवाणजी. बसणारा अजून ठरायचाय."

तिने टोपलीतून एक भाकरी काढली. "सरकार, मला दारूतलं काय कळतंय? आधी भाकरीचा न्याय करा. सकाळी बाजारात सात गावच्या बायकांकडनं मूठमूठ ज्वारी मागितली, एकत्र दळली आन् ही थापली. हिला काय म्हणायचं?"

सरकारांनी नाक मुरडलं. "भेसळ. कुत्र्याला घाल."

म्हातारे मानकरी जमिनीकडे बघू लागले. काय झालं ते सरकारांना कळेना.

"सरकार," गोजरा म्हणाली, "गादीवर बसलात त्या दिवशी काय खाल्लं व्हतं?"

आता सरकारांचा चेहरा उतरला. निंबगडची रीतच तशी होती. नवा राजा गादीवर बसायचा तर संस्थानच्या सातही गावांतून मूठमूठ ज्वारी येई, एकाच जात्यात दळली जाई, आणि त्या पिठाची भाकरी राजाने खाल्ल्याशिवाय कुणी त्याला मुजरा करत नसे. सरकारांनी ती खाल्ली होती, तीही मिटक्या मारत.

"ती भाकरी भेसळ असंल, तर मुजरा कुणाला करायचा ते दरबारानं ठरवावं. आन् नसंल, तर कुठला घास कुठल्या गावचा व्हता ते सरकारांनी सांगावं. सरकार गावं येगळी करतील, तशी मी पेल्यात घरं येगळी करते. भाकरीत समदी ज्वारीच हाय, तसं बाटलीत समदं जवाचंच हाय."

"जीभ आवर!" केसोपंत गरजले. "भाकरी कुठं आणि दारू कुठं?"

"दिवाणजी, सरकार दोन पेले प्याले तवर ती एका घरची चीज व्हती. तुम्ही बाटली दावली आन् तिची भेसळ झाली. मंग भेसळ केली कुणी, बाटलीनं का तुम्ही?"

सरकार आधी लाल झाले. मग त्यांच्या मिशा हलल्या, आणि मग ते असे हसले की डोक्यावरची पगडी सावरायला दोन्ही हात लागले. त्यांनी खाली उतरून भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं आणि कपाटाची किल्ली तात्याबाच्या हातावर ठेवली.

"ते कपाट पाहुण्यांसाठी उघड. मला रोज संध्याकाळी तीच चार घरची आण. आलं जरा जास्त घाल."

"आणि दिवाणजींना, सरकार?" तात्याबाने भीत भीत विचारलं.

"त्यांना नुसता सोडा."